दुनळीची भिंत : ‘निजामकालीन’ बंदुका आणि न मोजलेला इतिहास (थ्रेड)

१/
परभणी जिल्ह्यातील एखाद्या जुन्या वाड्यातून दुनळी बंदूक निघाली की तिचे छायाचित्र समाजमाध्यमांवर येते आणि त्याखाली तीन ठरलेली विधाने उमटतात. बंदूक ‘निजामकालीन’ असते. तिची नळी ‘दमास्कस पोलादाची, म्हणजे मुळात आपल्याच दख्खनच्या पोलादाची’ असते. आणि ‘आजच्या बंदुका हिच्यापुढे खेळणी, अजूनही बार काढला तर गाव हादरेल’ असे कोणीतरी अभिमानाने लिहून जातो.

२/
या तिन्ही विधानांत एक गोष्ट समान आहे. ती करणाऱ्यांपैकी कोणीही नळीला मोजपट्टी लावलेली नसते. पहिले विधान बहुधा तपासलेलेच नसते, दुसरे चुकीचे असते आणि तिसरे एखाद्याचा डावा पंजा घेऊन जाऊ शकते. जुनी बंदूक हा ऐतिहासिक पुरावा आहे असे म्हणणाऱ्यांनी तो पुरावा वाचायला हवा. तो वाचण्याची लिपी म्हणजे नळीच्या पोटाखालचे ठसे आणि नळीच्या भिंतीची जाडी.

३/
आधी ‘निजामकालीन’ या शब्दाविषयी. बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याची लढाई १७२४ची. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान शरण आले ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी. म्हणजे हे विशेषण तब्बल २२४ वर्षांवर पसरलेले आहे. तोड्याची बंदूक, ठासणीची टोपीची बंदूक, बाहेर घोडे असलेली दुनळी आणि घोडे आत दडलेली दुनळी, या सगळ्या ‘निजामकालीन’च. ज्या शब्दात अठराव्या शतकाचा तोडा आणि विसाव्या शतकाचे काडतूस दोन्ही मावतात, त्या शब्दाने काहीच सांगितलेले नसते.

४/
मराठवाड्यातील वाड्यांत सापडणाऱ्या काडतुसी दुनळ्या बव्हंशी विलायती किंवा बेल्जियन बनावटीच्या असतात. विसाव्या शतकाच्या आरंभी गोदावरी खोऱ्यातून मीटरगेज रेल्वे धावू लागली. सेलू, परभणी, पूर्णा ही स्थानके हैदराबादला आणि मनमाडमार्गे मुंबईला जोडली गेली. देशमुख, जहागीरदार, सावकार, संस्थानी अधिकारी यांच्या घरी अशा बंदुका असत, त्या रोही-रानडुकरांसाठी, काळविटाच्या शिकारीसाठी आणि पुष्कळदा केवळ बैठकीतल्या भिंतीवर टांगण्यासाठी.

५/
अशा बंदुकीचे वय सांगण्यासाठी घरातली आख्यायिका लागत नाही. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या उतरवल्या की त्यांच्या मागच्या टोकाशी, खालच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतात. हे प्रमाणगृहाचे ठसे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे प्रमाणगृह १८१३ पासूनचे. तेथे प्रत्येक नळीतून नेहमीपेक्षा बराच जास्त दाबाचा बार काढून पाहत. नळी टिकली तर ठसा, फुटली तर भंगार.

६/
ठशांची पद्धत वेळोवेळी बदलत गेली आणि इतिहासकाराच्या कामाचे तेच आहे. ‘नॉट फॉर बॉल’ असा शिक्का असेल तर नळी साधारण १८७५ ते १८८७ या काळातली. चौकटीच्या आकारात बाराचा आकडा आणि ‘सी’ अक्षर असेल तर १८८७ नंतरची. मुकुटाखाली ‘एनपी’ ही अक्षरे, म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी, १९०४ पासून. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ असेल तर ती बेल्जियममधील लीएजची. आणि नळीचा व्यास दशांश इंचात कोरून शेजारी ‘३ टन’ असे लिहिले असेल, तर तो ठसा १९५४च्या नियमांनंतरचा.

७/
शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. ‘३ टन’ असा ठसा असलेली बंदूक ‘रझाकाराकडून हिसकावलेली’ म्हणून दाखवली जात असेल, तर एक तर ती नंतर विलायतेला जाऊन पुन्हा तपासून आली असली पाहिजे किंवा ती कथा खोटी आहे. १९४८ साली जो ठसा अस्तित्वातच नव्हता, तो १९४८च्या बंदुकीवर असू शकत नाही. मराठवाडा मुक्तिसंग्रामात ज्यांनी खरोखर जीव धोक्यात घातला त्यांची आठवण राखण्यासाठी अशा बनावट अवशेषांची काही आवश्यकता नाही. उलट एक खोटी वस्तू शेजारच्या दहा खऱ्या वस्तूंवर संशय आणते.

८/
आता दमास्कस. हे विधान सर्वांत लाडके आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. दख्खनचे मुशीतले पोलाद जगप्रसिद्ध होते हे खरेच. आजच्या निजामाबाद जिल्ह्यातील कोनासमुद्रम हे त्याचे एक मोठे केंद्र. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हॉयसी या भूवैज्ञानिकाने तिथल्या भट्ट्यांचे वर्णन केले आहे आणि इराणी व्यापारी तेथे येऊन पोलाद विकत घेत असल्याचे नोंदवले आहे. तलवारीच्या पात्यावर दिसणारे पाण्यासारखे जौहर त्या पोलादाच्या थंड होण्याच्या प्रक्रियेतून, त्याच्या अंगातूनच उमटत.

९/
परंतु विलायती दुनळीच्या नळीवरची नक्षी ही वेगळी गोष्ट आहे. तेथे लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र तापवून त्यांच्या सळया करत, त्या सळयांना दोरीसारखा पीळ देत, मग दोन-तीन पिळदार सळया शेजारी जोडून त्यांची फीत एका गजाभोवती गुंडाळत आणि घणाखाली जोड बसवत. नंतर आम्लाने लोखंड व पोलाद वेगवेगळे रंगले की नक्षी दिसे. हे बर्मिंगहॅम आणि लीएजच्या लोहारांचे कौशल्य. त्याचा कोनासमुद्रमशी संबंध केवळ नावाच्या मोहापुरता. काही स्वस्त नळ्यांवर तर साध्या पोलादावर ही नक्षी नुसती छापलेली असे! दिसणाऱ्या नक्षीवरून धातू ओळखू नये याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

१०/
पिळदार नळी म्हणजे कमकुवतच, असे मात्र नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या प्रमाणगृहात निरनिराळ्या प्रकारच्या नळ्या मुद्दाम फोडून पाहिल्या, तेव्हा उत्तम प्रतीच्या पिळदार नळ्या अखंड पोलादाच्या बरोबरीने टिकल्या होत्या. ‘दमास्कस म्हणजे बॉम्ब’ ही विलायतेतून आलेली भीती आणि ‘दमास्कस म्हणजे अभेद्य’ हा इथला अभिमान, दोन्ही सारखेच आळशी आहेत. नवी असताना नळी कशी होती हा प्रश्नच गौण आहे. सव्वाशे वर्षांनी तिच्यात धातू किती उरला आहे, हा खरा प्रश्न.

११/
येथून मुख्य विषय. ‘बारा बोअर’ म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती. तिचा आतला व्यास ०.७२९ इंच, सुमारे साडेअठरा मिलिमीटर. या पोकळीभोवती जो धातू असतो ती नळीची भिंत. काडतूस बसते त्या मागच्या टोकाशी ती साधारण एक सूत जाड असते, कारण दाब तेथे सर्वाधिक. मग ती झपाट्याने पातळ होत जाते. पुढच्या अर्ध्या भागात ती इतकी पातळ असते की मोजल्याशिवाय कोणाचा विश्वास बसत नाही.

१२/
किती पातळ? इंचाच्या हजाराव्या भागाला यंत्रशाळेत ‘थाऊ’ म्हणतात. चांगल्या दुनळीची भिंत सर्वांत पातळ जागी पंचवीस-तीस थाऊ असते. वीस थाऊच्या खाली गेलेल्या नळीकडे विलायतेतील जाणकार कारागीर संशयाने पाहतात. वीस थाऊ म्हणजे अर्धा मिलिमीटर. हाताच्या नखाएवढी जाडी. बार काढताना नेमकी या नखाएवढ्या पत्र्याच्या मागे डाव्या हाताची बोटे असतात.

१३/
मोजमापे दोन आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. पहिले मोजमाप आतल्या व्यासाचे, मागच्या टोकापासून नऊ इंचांवर घेतलेले. ते ठशाशी ताडून पाहायचे. ठसा ‘१३/१’ असेल तर मूळ व्यास किमान ०.७१९ इंच होता. आज तेथे ०.७४० भरत असेल तर व्यासात एकवीस थाऊ वाढ झाली, म्हणजे प्रत्येक बाजूची दहाहून अधिक थाऊ भिंत कोणीतरी आतून खरवडून काढली. व्यास मूळ ठशापेक्षा दहा थाऊंहून अधिक वाढला की ब्रिटनमध्ये नळीची जुनी चाचणी रद्द समजतात. पुन्हा तपासल्याशिवाय तशी बंदूक तेथे विकताही येत नाही.

१४/
दुसरे मोजमाप प्रत्यक्ष भिंतीचे. ‘बाहेरचा व्यास वजा आतला व्यास, भागिले दोन’ असे गणित व्हर्नियरवर करून मोकळे होणारे पुष्कळ असतात. ते गणित फसवे आहे. नळीचे भोक बाहेरच्या अंगाशी समकेंद्री असेलच असे नाही. एका बाजूला चाळीस आणि समोरच्या बाजूला सोळा थाऊ असतील, तरी सरासरी अठ्ठावीस येते आणि मालक निश्चिंत होतो. दाब मात्र सरासरी पाहून वागत नाही.

१५/
म्हणून त्यासाठी वेगळे साधन असते. एका भक्कम बैठकीवर लांब दांडा, त्याच्या टोकाला गोलसर बिंदू. नळी त्या दांड्यावर सरकवायची. बाहेरून नेमका त्याच बिंदूसमोर डायल गेजचा काटा टेकलेला. नळी गोल फिरवत, पुढे-मागे सरकवत प्रत्येक ठिकाणचा आकडा पाहायचा आणि सर्वांत लहान आकडा, तो कोठे आढळला त्या अंतरासह, लिहून ठेवायचा. दुनळीत एक अडचण कायम राहते : दोन नळ्यांच्या मधली, पट्टीखाली झाकलेली बाजू अशी मोजता येत नाही. उघड्या बाजूचे आकडे चांगले आले तरी प्रामाणिक कारागीर ही मर्यादा आपणहून सांगतो. सांगत नसेल तर दुसरा कारागीर पाहावा.

१६/
ही भिंत जाते कुठे? येथे परभणीचे हवामान आणि परभणीची भक्ती दोन्ही साक्षीला बोलवावी लागतात. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षारही तेच करतात. बार काढून नळी तशीच टांगली आणि मृगाच्या सरी आल्या, की आत गंजाचे खड्डे पडतात. मग कोणीतरी ते ‘साफ’ करून घेतो. खड्डा साफ होतो म्हणजे त्याच्या तळापर्यंतचा सगळा धातू काढून टाकला जातो. आरसा लख्ख होतो, भिंत पातळ होते.

१७/
बाहेरून काम करते ते खंडेनवमीचे पॉलिश. शस्त्रपूजेच्या आदल्या दिवशी विटकरीची पूड, अलीकडे पॉलिश पेपर, घेऊन बंदूक चांदीसारखी चमकवण्याची हौस अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. दर खेपेस इंचाचा एक सहस्रांश जरी गेला, तरी दहा खेपांत दहा थाऊ. ज्या भिंतीत मुळात अठ्ठावीसच होते तिच्यात अठरा उरतात. आणि आतला व्यास तेवढाच राहिल्यामुळे पहिले मोजमाप ‘सर्व ठीक’ सांगते! शिवाय त्याच घासण्यात ठसेही पुसट होतात. पूजेच्या नावाखाली वस्तूचे बळही जाते आणि जन्मपत्रिकाही. शस्त्रपूजेला विरोध करण्याचे कारण नाही. तेलाचा हात आणि फूल पुरे असते.

१८/
तिसरा शत्रू अनपेक्षित आहे : कुंभारमाशी. वर्षानुवर्षे भिंतीवर टांगलेल्या बंदुकीच्या नळीत ती मातीचे घर बांधते. कोणी न पाहता बार काढला की त्या मातीच्या बुचामागे दाब अडतो. नळी फुटली नाही तर फुगते. नळीतून उजेडाकडे पाहिले की आतल्या झगमगाटात एक काळी कडी दिसते. ती त्या जुन्या अपघाताची खूण. फुगवट्याच्या जागी धातू ताणलेला आणि म्हणून आणखी पातळ असतो. नळ्या हुकाला टांगून बोटाने टिचकी मारली आणि घंटेसारख्या न वाजता खळखळल्या, तर मधल्या पट्टीचा डाकही सुटलेला समजावा.

१९/
‘आजोबांनी आयुष्यभर चालवली, काही झाले नाही.’ हा युक्तिवाद प्रत्येक चर्चेत येतो आणि प्रत्येक वेळी टाळ्या घेतो. आजोबांच्या हातात होती तेव्हा तिच्यात वीस वर्षांच्या घासणीपुरताच ऱ्हास झाला होता; नातवाच्या हातात शंभर वर्षांचा आहे. दुसरे, आजोबांचे काडतूसही वेगळे होते. जुन्या विलायती दुनळ्यांचे घर पुष्कळदा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटर काडतुसाचे असते. आज बाजारात सामान्यतः मिळते ते ७० मिलिमीटरचे. ते आत सहज बसते, हीच फसवणूक. कारण ही लांबी उघडलेल्या काडतुसाची असते. बार सुटताना त्याचे तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. तिसरे म्हणजे ज्यांच्या आजोबांची बंदूक फुटली, त्यांच्याकडे आज छायाचित्र टाकायला बंदूकच नसते.

२०/
‘मोजमाप हे सायबाचे वेड; आपल्याकडे अनुभव चाले’ असेही कोणी म्हणतो. असे म्हणणाऱ्यांनी ‘आईन-इ-अकबरी’ उघडावी. अबुल फजल सांगतो की पूर्वीच्या नळ्या पाव भागापेक्षा जास्त दारूने भरता येत नसत. अकबराच्या काळी लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळून, कडेवर कड चढवून नळी घडवू लागले आणि मग ती तोंडापर्यंत भरून उडवली तरी फुटेना. म्हणजे चाचणी होती. आणि नोंदही होती : घडवलेल्या लोखंडाचे वजन, लोखंड कोठून आणले, कारागीर कोण, बंदूक कोठे झाली, तारीख, क्रमांक, हे सारे बंदुकीवर कोरले जाई.

२१/
सोळाव्या शतकातील ही नोंद आणि एकविसाव्या शतकातील परवाना शेजारी ठेवून पाहावा. परवान्याच्या पुस्तिकेत बंदुकीचा प्रकार, बोअर, क्रमांक, काडतुसांची मर्यादा असते. नळीची अवस्था नसते. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात शस्त्रांची दुरुस्ती, चाचणी आणि प्रमाणन या क्रियांचा उल्लेख स्पष्ट आहे. त्यासाठी परवाना लागतो. तेराव्या कलमात वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा वेगळा विचार आहे. नळीची लांबी कायद्याला महत्त्वाची वाटली. जाडी कोणालाच वाटली नाही.

२२/
त्याच कायद्याचे पंचेचाळिसावे कलम कालबाह्य घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त, आणि दुरुस्त करूनही उडवता न येणाऱ्या शस्त्रांना कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवते. पण ‘उडवता न येणारे’ हे ठरवायचे कशाने? नळी पाहिल्याशिवाय आणि मोजल्याशिवाय ते ठरत नाही. सोळा थाऊची, बार निघू शकेल पण निघू नये अशी दुनळी ही त्या दृष्टीने सर्वांत धोकादायक. कायद्याच्या लेखी ती शस्त्रच राहते आणि घरच्यांच्या लेखी शोभेची वस्तू. पुरातन म्हणून परवान्याची गरज नाही असा सल्ला समाजमाध्यमांवर फुकट मिळतो; तो देणारा तुरुंगात सोबत येत नाही.

२३/
लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत ‘आजोबांच्या दुनळीने सलामी’ देण्याची हौस असणाऱ्यांसाठी : २०१९च्या दुरुस्तीनंतर, इतरांचा जीव धोक्यात येईल असा हर्षोल्हासातील गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्याने वरातीतल्या लोकांचा विचार केला आहे. नळीमागच्या पंजाचा विचार नवरदेवाच्या मामाने स्वतः करायचा आहे.

२४/
दुसऱ्या टोकाला सरकारी उदासीनता आहे. परवानाधारक वारला, वारसाला परवाना नको असला किंवा मिळाला नाही, की बंदूक ठाण्यात जमा होते. मुदतीत कोणी सोडवली नाही तर एकविसाव्या कलमान्वये ती सरकारजमा होऊ शकते. नष्ट करायचीच असेल तर करावी; प्रत्येक दुनळी जपण्याइतकी मोलाची नसते आणि लोखंडाचा भावनिक संचय म्हणजे इतिहास नव्हे. पण नष्ट करण्यापूर्वी नळ्या उतरवून ठशांचे एक छायाचित्र, दोन व्यास आणि दोन भिंती एवढी नोंद करायला परवानाधारक कारागिराला फार वेळ लागणार नाही. कोणत्या गावात, कोणत्या काळात, कोठली शस्त्रे येत होती, किती वापरली जात होती आणि किती नुसती मिरवली जात होती, हे सांगणारा कागद मराठवाड्यात फारसा नाही. नळ्या सांगू शकतात. कमी झिजलेला व्यास आणि बाहेरून पातळ झालेली भिंत, म्हणजे ही बंदूक शिकारीपेक्षा बैठकीत अधिक जगली. हे वाक्य कोणत्याही घराण्याच्या कैफियतीत सापडणार नाही.

२५/
ज्यांच्या घरी अशी दुनळी रीतसर परवान्यासह आहे त्यांनी ती आधी रिकामी आहे याची खात्री करावी, उडवू नये, घासू नये आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून मोजून घ्यावी. आणि प्रदर्शनात ती ठेवायचीच असेल, तर ‘निजामकालीन बंदूक, दमास्कस पोलाद’ या चिठ्ठीऐवजी अशा काहीशा चार ओळी लिहाव्यात : दुनळी, बारा बोअर, बाहेरचे घोडे, नळ्या पिळदार, लीएजचा ठसा. काडतुसाचे घर ६५ मिलिमीटर. किमान भिंत उजवी बावीस थाऊ, डावी सतरा. डावीत तोंडापासून अकरा इंचांवर फुगवटा, बहुधा आतल्या अडथळ्यामुळे. घरची आठवण : पणजोबांनी हैदराबादहून आणली, कागद नाही.